दोराचं दुसरं टोक

माझं शुद्धलेखन बरोबर नाही आणि अक्षरही वेडंवाकडं आहे. जो कोणी हे वाचेल त्यानं राग मानू नये. चौथीनंतर शाळा सुटली, पुढं हातात खुरपं राहिलं. वेलांटी पहिली द्यायची की दुसरी हे मला अजून कळत नाही, हाताला जी सोपी जाते ती देते. हे कोणाला दाखवायला लिहीत नाही. माझ्या पेटीत साड्यांच्या खाली एक चित्रांचं पुस्तक ठेवलेलं आहे. उद्या मी नसले आणि कोणी पेटी उघडली तर ते रद्दीत किलोवर जाईल. ते घरात कसं आलं एवढं तरी कुठं लिहिलेलं असावं म्हणून बसले.

आमचं गाव जानेफळच्या बाजूला. घरची थोडी शेती, आणि विहिरीजवळच्या तुकड्यात भाजी. मेथी, पालक, वांगी आणि सांबार. बाहेरचे लोक सांबाराला कोथिंबीर म्हणतात. लग्न होऊन आले तेव्हापासून बाजाराच्या दिवशी सासूबाई आणि मी जुड्या घेऊन बसायचो. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. ओरडायचं काम त्यांचं, जुड्या बांधायचं माझं. अनोळखी माणसाशी मला बोलता येत नाही. गिऱ्हाईक मला भाव विचारायचं आणि मी आत्याबाईंकडे बघायची.

"तिले काय इचारता? मुकी हाय ते. माह्याशी बोला," असं त्या म्हणायच्या. गिऱ्हाईक हसायचं आणि जुडी घेऊन जायचं.

समोर एक रद्दीवाला पोतं पसरून बसायचा. जुनी शाळेची पुस्तकं, मासिकं आणि एका बाजूला चित्रकथांचा ढीग. त्याची एक रीत होती. पुस्तक पूर्ण किमतीला न्यायचं, पुढच्या बाजारी परत आणलं की निम्मे पैसे परत. पण परत घेताना तो पानं मोजायचा. एखादं कमी निघालं की म्हणायचा, तुम्हीच फाडलं, आणि पैसे बुडाले. म्हणून शहाणी माणसं नेतानाच त्याच्यासमोर पुस्तक पुरतं उघडायची, बोट ओलं करून पान न् पान मोजायची, मधल्या पिना ओढून बघायची, आणि मग पैसे काढायची. असं केलं की तोही म्हणायचा, हे गिऱ्हाईक सचोटीचं. माझ्या हाताला ती सवय लागली. पुढं याच सवयीनं मला भर लोकांत मान खाली घालायला लावली, ते येईलच.

पहिलं पुस्तक मी मागितलं नव्हतं. एक दिवस बाजार मंदा होता. मी आपली समोरच्या ढिगावरच्या रंगांकडे बघत बसले होते.

"वाचता येते का तुले?" आत्याबाईंनी विचारलं.

"चौथीपर्यंत शिकले."

"मंग घे एखादं. पाहू तं खरं, तुह्या बापाचे पैसे वसूल झाले का."

दुसऱ्या दिवशी दुपारी निंबाच्या झाडाखाली मेथी निवडता निवडता मी पुस्तक मांडीवर घेतलं आणि मनातल्या मनात वाचायला लागले.

"काय वाचून राह्यली वं? मोठ्यानं वाच न. मले का कान नाहीत?"

त्यांना अक्षर येत नव्हतं. मी अडखळत वाचायची, त्या तोवर चित्र बघायच्या. जोडाक्षर आलं की मी थांबायची, आणि त्या चित्र बघून सांगायच्या की तो राक्षस आता काय म्हणत असेल. बऱ्याचदा बरोबर निघायचं. मग ते रोजचंच झालं. आमचे हे शेतातून पाणी प्यायला यायचे आणि म्हणायचे, "झाली का भरती? घरात बालवाडी उघडेल हाय, अन् मास्तरणीपेक्षा पोरगी म्हातारी." आत्याबाई त्यांना ढेकूळ मारायच्या.

माझं मोठं पोरगं पोटात होतं त्या वर्षी एक पुस्तक हाती आलं. वरचं रंगीत पान नव्हतं, त्यामुळे नाव काय ते कळायला मार्ग नव्हता. आतली पानं मात्र मोजून पूर्ण. गोष्ट एका नावाड्याच्या मुलीची. राजानं तिच्या भावाला तळ्याखालच्या महालात कोंडून ठेवलेलं असतं. मुलगी कमरेला दोर बांधून पाण्यात उडी घेते. दोराचं दुसरं टोक तिची म्हातारी आई काठावर बसून धरते. मुलगी सांगून जाते, मी झटका दिला की ओढ. शेवटच्या चित्रात खाली सगळा अंधार, आणि वर काठावर म्हातारीच्या हातात दोर सैल पडलेला. त्याच्याखाली छापलेलं, पुढे काय झाले ते दुसऱ्या भागात वाचा.

"मंग?" आत्याबाई म्हणाल्या.

"संपलं."

"संपलं कसं? म्हातारी तं बसेल हाय न अजून तिथं."

मी पान उलटून दाखवलं. मागे तेलाची जाहिरात होती. त्यांनी जाहिरातही नीट निरखून पाहिली, म्हातारी त्यात कुठं आहे का म्हणून.

आत्याबाईंचं माहेर लोणारचं. तळ्याच्या काठावर खेळून मोठ्या झालेल्या. त्यामुळे पाण्याखालच्या महालावर त्यांचा भरवसा बसला नव्हता. "आमच्या लोणारच्या पाण्यात मासोळी जगत नाही, अन् याह्यचा राजा महाल बांधते," असं म्हणून त्या हसल्या होत्या. पण त्या म्हातारीवर हसल्या नाहीत. ते पुस्तक आम्ही परत केलं नाही. निम्मे पैसे सोडले.

मग शोध सुरू झाला. दर बाजारी आधी रद्दीवाल्याकडे जायचं. बोलायच्या अर्थात आत्याबाई.

"भाऊ, ते दोरवाली म्हातारी आली का?"

"नाही आली, बुडी. बसेल असन तिथंच," तो म्हणायचा. आमच्याकडे म्हातारीला बुडी म्हणतात.

"पाठ दुखली असन न बिचारीची. पाह्य जरा पोत्यात खालतं."

मेहकरच्या बाजारात पाहिलं, लोणारच्या जत्रेत पाहिलं. वरवट बकालला माझी बहीण दिलेली आहे. तिच्याकडे गेले की चहा होईस्तोवर मी तिथल्या बाजारात जाऊन पोत्यात कोपरापर्यंत हात घालून बसायची. बहीण म्हणायची, "मले भेटाले आली का भंगाराले?" पोत्यातल्या कागदांचा वास अजून नाकात आहे. जुनी शाई, उंदीर आणि थोडी ओल. प्रत्येक वेळी वाटायचं, याच्याखालचं असेल. नसायचं. पण त्या निमित्तानं दुसरी पाच-सहा पुस्तकं घरी यायची, स्वस्तात, कोणाचं शेवटचं पान नाही, कोणाचा मधला भाग पाण्यानं चिकटलेला. आत्याबाई ती ऐकायच्या आणि शेवटी विचारायच्या त्या म्हातारीचंच.

वांगी तोडताना आम्ही दोघी तिचं पुढं काय झालं असेल याचा अंदाज लावायचो. मी एकदा म्हटलं, "दोर एखाद्या माशानं कुरतडला असेल तर?"

"गप. वंगाळ बोलू नको." त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्या माझ्याशी धड बोलल्या नाहीत.

अशी वर्षं गेली. पोरं मोठी झाली. पोराला मोबाइलवर शोधायला सांगितलं तर तो म्हणाला, नावच माहीत नाही तर काय टाकू? आत्याबाईंचे गुडघे गेले, त्या बाजारात यायच्या बंद झाल्या. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं त्यांनी करू दिलं नाही. आणि रद्दीवाल्याच्या पोत्यावरचा चित्रकथांचा ढीग कमी होत होत एक दिवस दिसेनासाच झाला.

"आता हा माल येत नाही, वहिनी," तो म्हणाला. "शौकीन लोक घरी जाऊनच उचलतात. त्याह्यचे मेळावे भरतात. तिथं जा." त्यानं मला एक कागद दिला. मेहकरला एका मंगल कार्यालयात जुनी नाणी, तिकिटं आणि जुन्या चित्रकथा. पाहायला पैसे पडत नाहीत.

मी कागद घरी वाचून दाखवला. आत्याबाई म्हणाल्या, "जाय."

"एकटी?"

"मले गुडघे असते तं मीच गेली असती. तोंड उघडजो जरा. माह्या डोयाले चित्र दिसते तवरोक आण ते म्हातारी. मंग आणून काय करशील?"

बसमध्ये बायकांना अर्धं तिकीट झालं होतं, तेवढाच आधार. मंगल कार्यालयात लग्नाच्या वेळच्या खुर्च्या, आणि टेबलांवर पांढरे कपडे. बाई एकही नाही. पुरुष डोळ्याला काच लावून नाणी बघत होते. चित्रकथा खोक्यांमध्ये उभ्या लावलेल्या, एकेक स्वच्छ प्लास्टिकच्या पाकिटात, दुकानातल्या नव्या साड्यांसारख्या. मला वाटलं उलट फिरावं. मग दिसलं की प्रत्येक टेबलाच्या खाली एक पुठ्ठ्याचं खोकं आहे आणि त्यात फाटकी, बिनपानाची पुस्तकं टाकलेली, कोणतंही घ्या वीस रुपयाला. ते माझ्या ओळखीचं होतं. मी खाली बसले. जमिनीवर बसलं की मला लाज कमी वाटते.

तीन टेबलांखालची खोकी उपसली. चौथ्याजवळ उठताना गुडघ्याला आधार म्हणून टेबलाला हात लावला, आणि वर समोरच ते. निळं पाणी, उडी मारणारी मुलगी, कमरेला दोर. वर लिहिलं होतं, भाग दुसरा.

मी ते उचललं. पाकिटातून काढलं, मधोमध पुरतं उघडलं, बोट ओलं केलं आणि पानं मोजायला लागले. पिन ओढून बघितली. ती टक्कन निघून माझ्या हातात आली.

"अहो बाई! अहो, काय करता!"

टेबलामागचे काका उभे राहिले होते. खामगावचे, केस पिकलेले, चष्मा दोरीनं गळ्यात. आजूबाजूचे सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"पानं... पानं मोजून राह्यली," मी म्हटलं.

शेजारच्या टेबलावरचा एक जण म्हणाला, "बँकेत होत्या का हो ताई?" सगळे हसले.

काकांनी पुस्तक माझ्या हातून असं घेतलं, जसं लहान बाळ घ्यावं. हे असं उघडायचं नसतं, ते म्हणाले. पाकिटातून बघायचं, पाहिजे असेल तर आम्ही दाखवतो. मधली घडी मोडली, थुंकी लागली, पिन गेली, आता हे सहाशेला कोण घेईल?

सहाशे ऐकून माझे कान गरम झाले. माझ्याजवळ दोनशे आणि परतीचं भाडं होतं. बाजारात जे केलं की माणूस सचोटीचा ठरतो, तेच इथं केल्यानं नुकसान झालं होतं. तेव्हा पळून जावं असं फार वाटलं. पण काका नुकसान बघायला पानं उलटत होते आणि पहिल्याच पानावर ती म्हातारी दिसत होती, दोर सैल, तशीच बसलेली.

मग मी बोलले. कशी बोलले ते आठवत नाही, पण सगळं सांगितलं. पोतं, निंबाचं झाड, आत्याबाई, एक डोळा. शेवटी म्हटलं, "त्या थांबल्या आहेत, काका."

ते ऐकून त्यांनी चष्मा लावला. "पहिला भाग आहे तुमच्याकडे? विकता का?"

"वरचं पान नाही त्याला."

"मग काही उपयोग नाही," ते म्हणाले आणि चष्मा काढला. माझ्या हातातली पिन मागून घेतली. मग पिन वाकवून जागेवर बसवली, पुस्तक पाकिटात घातलं आणि माझ्यापुढं धरलं. "जे आहे ते द्या आता. राहिलेले पुढच्या वेळी. दोन-चार महिन्यांनी कुठं ना कुठं भरतोच आम्ही."

"गेलं समजा पुस्तक, काका," शेजारचा म्हणाला.

"जाऊ दे बे. पानं मोजून घेणारी बाई पैसे नाही बुडवत."

घरी आले तर आत्याबाई ओट्यावर रस्त्याकडे तोंड करून बसल्या होत्या. "भेटली का?" एवढंच विचारलं. मी चप्पलही काढली नाही, तिथंच पायरीवर बसून वाचलं. आता मी पूर्वीसारखी अडखळत नव्हते. मुलगी महालात शिरते, पहारेकऱ्यांना चकवते, भावाला सोडवते. राजा स्वतःच्याच पाण्यात बुडतो. शेजारच्या देशाचा राजकुमार येतो, लग्न होतं, हत्ती, तुताऱ्या. संपलं.

"अन् म्हातारी?"

मी मागची पानं पुन्हा चाळली. पहिल्या पानानंतर ती कुठंच नव्हती. लग्नातही नव्हती. मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं, इतके पैसे, आणि लिहिणारा तिला विसरून गेला होता.

"या चित्रवाल्याच्या घरी माय नोयती का?" आत्याबाई म्हणाल्या. "लेकीच्या लग्नात बी बलावली नाही." मग त्यांनी माझ्या हातून पुस्तक घेतलं, उन्हात धरलं आणि बऱ्या डोळ्याजवळ नेऊन एकेक चित्र बघायला लागल्या. मी चहा टाकायला आत गेले. बाहेरून हाक आली.

"ये इकडे. हे पाह्य."

मुलगी भावाला काखेत धरून पाण्यावर येते ते चित्र होतं. आत्याबाईंनी त्यावर नख ठेवलं होतं. मुलीच्या कमरेपासून दोर निघून चित्राच्या कोपऱ्यापर्यंत जात होता आणि चौकटीच्या बाहेर गेला होता.

"काय आहे?"

"दोर पाह्य न. मांगं सैल होता. आता ताणेल हाय, एकदम सरळ. कोणी धरेल असल्याबिगर दोर ताणते का?"

मी पाहिलं. खरंच ती रेघ सरळ होती.

"चित्रात जागा नोयती, म्हणून भायेर बसेल हाय ते," त्या म्हणाल्या आणि पुस्तक मिटलं. नंतर विचारलं, "पैसे दिले का सारे?"

"बाकी आहेत."

"मंग अजून आपलं नाही झालं. नीट ठेव."

पुढं मी मेळाव्यांना जात राहिले. कधी मेहकर, कधी बुलढाणा. सांबाराच्या जुड्यांमधून जे सुटेल ते काकांना द्यायची आणि टेबलांखाली बसून खोकी उपसायची. लोकांना माहीत झालं. "आल्या पानं मोजणाऱ्या ताई," म्हणायचे, आणि एखादा आपणहून खोकं पुढं सरकवायचा. त्याचं कौतुकही वाटायचं. वीस रुपयांत चांगली पुस्तकं मिळायची, कधी अगदी पुरती. पण घरी आणून वाचली की आत्याबाई म्हणायच्या, "चांगली हाय," आणि डोळे मिटायच्या. कोणाचं पुढं काय झालं हे त्यांनी परत विचारलं नाही. मीही खोकं उपसताना थांबून बघायची की आपण आता नेमकं काय शोधतोय. ते पुस्तक सापडलं नव्हतं तेव्हा आम्हा दोघींकडे बोलायला जास्त होतं. आजही वांगी तोडताना कधी तोंडात येतं, आत्याबाई, समजा असं झालं असेल तर, आणि ओळीच्या दुसऱ्या टोकाला कोणी नसतं.

गेल्या थंडीत त्या गेल्या. दुखणं काही नव्हतं, दोन दिवस जेवल्या नाहीत एवढंच. आता बाजारात मी एकटी बसते. ओरडणं मला अजून जमत नाही. हळूच भाव सांगते, तो ऐकायला गिऱ्हाइकाला वाकावं लागतं. रद्दीवाला समोरून म्हणतो, "वहिनी, आवाज करा, बुडी असती तं आतालोक टोपलं खाली झालं असतं." मी हसते. त्याच्या पोत्याकडे अजूनही नजर जातेच.

शेवटचा मेळावा खामगावला होता. काकांनी मला पाहिलं, शेजारची खुर्ची ओढली आणि विचारलं, "कशा आहेत सासूबाई?" दर मेळाव्याला ते हेच विचारायचे. मी सांगितलं.

 मी पदराची गाठ सोडायला लागले तेव्हा काका म्हणाले, "राहू द्या ताई. पुष्कळ दिलेत. पिन तरी कितीची होती."

"नको काका. पैसे फिटले की मगच आपलं, असं त्यांनी सांगितलं होतं."

नोटा टेबलावर ठेवल्या. सगळ्या दहा-वीसच्या, सांबाराचा वास लागलेल्या. काकांनी त्या उचलल्या, चष्मा नाकावर चढवला, बोट जिभेला लावलं आणि एकेक मोजायला लागले.

"बँकेत होते का हो काका?" मी म्हटलं.

सगळ्या टेबलांना ऐकू जाईल एवढा माझा आवाज निघाला. आजूबाजूचे हसले, काकाही हसले, आणि त्यांचं मोजणं चुकलं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. नोटा खिशात घातल्या आणि म्हणाले, "पुरे झाले."